मास्तरने भरलेली वीज

२ फेब्रुवारी

पोरी,

मायन्यापाशीच घोडं अडलं. सवयीने "चि. सौ." लिहून गेलो आणि मग त्या "सौ."कडे बघत बसलो. ठेवावं तर ठेववत नाही, खोडावं तर हात धजत नाही. शेवटी कागदच बदलला. तू या घरात आलीस त्या दिवसापासून मी तुला पोरीच म्हणत आलोय, तेच बरं.

कारण गाडीचं आहे. दुसरं काही मनात आणू नकोस. तू फोन उचलत नाहीस त्याबद्दल माझी तक्रार नाही, मलाही फोनवर धड बोलता येत नाही. पत्राचं एक बरं असतं, नको वाटलं तर उशीखाली सारता येतं.

तर गाडी. शेडमध्ये होती तिथेच आहे. त्या दिवशी गाडी काढायची पाळी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची होती, म्हणून आपली घरी राहिली. निघण्याआधी मास्तरने केबल काढली, वेटोळं करून खुंटीला अडकवली आणि मला म्हणाला, "टँकरवाले, हिच्यापासून लांब राहा. वास येत नाही म्हणून गरीब समजू नका." हे त्याचं रोजचंच. मी उभा जन्म पेट्रोलचा टँकर हाकला आणि पोटच्या पोराने मास्तर होऊन दारात विजेची गाडी आणून उभी केली, तेव्हापासूनची आमची जुगलबंदी तू ऐकलेली आहेस. मी म्हणायचो, "तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेला मिक्सर." तो म्हणायचा, "आणि तुमची म्हणजे चाकं लावलेली चूल. चार लाकडं जाळा, तीन धुरात घालवा, एकावर गाडी चालवा."

त्याच दुपारी शाळेतून फोन आला. पुढचं मी तुला काय सांगणार.

तेव्हापासून गाडी कोणी हलवलेली नाही. मी पुसतो, तेवढंच. परवा सर्व्हिस सेंटरमधून एक मुलगी येऊन गेली, वर्षाची तपासणी राहिली होती म्हणून. ती म्हणाली, "काका, ही अशी उभी राहिली तर आतल्या आत उतरत जाईल. तळाला जाऊन तशीच पडून राहिली, तर मग किती का भरा, उठायची नाही. नवी बॅटरी घालायची म्हणजे अर्धी गाडी नवी घेण्यासारखं आहे. केबल लावून ठेवा ना." बोलायला किती सोपं. खुंटीपासून गाडी हाताच्या अंतरावर आहे. पण गाडी तुम्हा दोघांच्या नावावर, म्हणजे आता तुझी. लावू की नको, तू सांग.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. चहा हल्ली शेडमध्येच घेतात. तिथे ऊन छान येतं.

तुझा,
बाबा

१९ फेब्रुवारी

पोरी,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. आमच्या धंद्यात मी एकच गोष्ट पक्की शिकलो, पुढचा व्हॉल्व्ह उघडत नसेल तर मागून जोर लावायचा नाही.

पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. ती सर्व्हिसवाली मुलगी गेली त्या दिवशीच मी केबल लावायला गेलो होतो. खुंटीवरून काढली, टोपण उघडलं, आणि मागून आवाज आला, "काय चाललंय?"

म्हटलं, "भरतोय."

"भरलेली आहे ती. त्याने भरलीय."

"अगं, ती उतरत चाललीय."

"चालू दे. त्यात आता दुसऱ्या कुणाचं कालवायचं नाही." एवढं बोलून हिने केबल माझ्या हातून घेतली आणि परत खुंटीला लावली. वेटोळं त्याच्यासारखं जमेना, तर तीनदा उलगडून चौथ्यांदा जमवलं.

मला आधी हसू आलं. मग त्या दिवसापासून तेच डोक्यात घोळतंय. पेट्रोलची गाडी असती तर टाकीत त्याने भरलेलं असतं ते नळीने ओढून बाटलीत घेतलं असतं, बूच लावून फडताळात ठेवलं असतं. हातात धरता आलं असतं, वास घेता आला असता. पण पेट्रोल टिकत नाही गं. चार-सहा महिन्यांत उतरतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास मारतं, तळाला चिकटा धरतं. आणि हे बॅटरीतलं? ना दिसतं, ना हुंगता येतं, ना वाटीत काढून ठेवता येतं. नासत मात्र नाही. आहे म्हणायला पडद्यावर एक आकडा. दुसरी किल्ली घेऊन दार उघडलं की दिसतो. तो ऐंशीच्या वर कधी भरायचा नाही, आठवतं ना? "पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नये, तसंच हिचं," म्हणायचा. म्हणजे त्या दिवशी सकाळी ऐंशी होते. आता किती आहेत ते लिहीत नाही. लिहिलं की कमी वाटतात.

दुसरी गोष्ट लिहू की नको, ठरत नाहीये. तू हसशील. हसलीस तर बरंच आहे.

गाडी जागी होते.

सकाळी, आम्ही दोघं चहाला शेडमध्ये बसलेले असतो. कुणी हात लावलेला नसतो, किल्ली आत घरात असते. आणि गाडीच्या पोटात खट् असा आवाज होतो. दार लोटल्यासारखा. मग एक बारीक गुणगुण, दिवा किंचित उजळतो, थोड्या वेळाने पुन्हा खट्, की सगळं शांत. संध्याकाळी दिवेलागणीलाही कधी कधी. रोज नाही, पण बहुतेक.

पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या हातातला कप बशीवर वाजला. ही मात्र हलली नाही. गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, "आला."

आता तो खट् झाला की ही बिस्किट उचलते, चहा पिते. झाला नाही तर कप तसाच. हे मी तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि परवा तर पंखा लागला. आतला, थंड हवेचा. बाहेर गारठा, गाडी बंद, आणि आत पंखा फिरतोय. खिडकीची काच बोटभर खाली राहिलीय ना त्या दिवसापासून, त्या फटीतून हवा बाहेर आली. पोरी, ती हवा त्याची होती. खडूचा वास, त्या निळ्या स्वेटरचा वास. ही उठली आणि त्या फटीला तोंड लावून उभी राहिली, पंखा थांबेपर्यंत.

मी शिकलेला नाही, पण भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. रस्त्यांवर उभी हयात गेली, एक भूत भेटलं नाही. आता मात्र शेडकडे जाताना मी चप्पल वाजवत जातो. त्याला कळावं म्हणून की काय, मला माहीत नाही.

बाबा

८ मार्च

पोरी,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी पाणी प्यायलो आणि मग फोडलं.

"बाबा, केबल लावू नका. त्याने भरलंय तेच राहू द्या. पन्नासच्या खाली गेलंय, मला माहीत आहे. तरी नको."

तुझ्या सासूचे आणि तुझे शब्द एकच. एकमेकींचं तोंड बघत नाही तुम्ही, आणि बोलता मात्र एका तोंडाने. ही ओळ तिला वाचून दाखवावी असं फार वाटलं. पण पत्र लिहितोय हेच तिला ठाऊक नाही.

पण पोरी, ते "पन्नासच्या खाली" तुला कसं माहीत?

मी आकडा लिहिला नव्हता. मुद्दाम लिहिला नव्हता. पत्र हातात घेऊन मी शेडमध्ये गेलो, दार उघडलं. अठ्ठेचाळीस. माझ्या अंगावर सरकन काटा आला. भर दुपारी, लखलखीत उन्हात.

कोण सांगतं तुला?

बाबा

१६ मार्च

पोरी,

त्या सर्व्हिसवाल्या मुलीकडे जाऊन आलो. बिचारी दुसऱ्या गाडीखाली होती, तिथूनच बोलत होती. मी तिला खट्, दिवा, गुणगुण, सगळं सांगितलं. ती गाडीखालून बाहेर आली, हात पुसले आणि विचारलं, "काका, ह्या गाडीचं ॲप कुणाच्या फोनवर आहे?"

मी म्हटलं, "मुलाच्या."

"मग तो फोन उघडत असेल. फोनवर ॲप उघडलं की ते गाडीला हाक मारतं. गाडी झोपलेली असते, ती उठते, आपला आकडा सांगते, कुठे उभी आहे ते सांगते, आणि परत झोपते. तोच तुमचा खट्."

म्हटलं, "मुलगा नाही आता."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "फोन तर कुणाकडे असेल ना?"

त्याचा फोन तुझ्याकडे आहे. तू घरातून निघालीस तेव्हा एक पिशवी आणि तो फोन, एवढंच घेऊन निघालीस. म्हणजे सकाळी चहाच्या वेळी आमच्या शेडमध्ये येतं ते तू असतेस. तू तिकडे आकडा बघतेस आणि इकडे ही म्हणते, "आला."

परत येताना रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिलो. हसावं की रडावं, तेच समजेना. भूत गेलं याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आता त्या मुलीने सांगितलेलं पुढचं ऐक. गाडीला असं उठवलं की दर वेळी थोडं खर्च होतं. नुसती उभी असती तर इतकी उतरली नसती. म्हणजे तो आकडा राहावा म्हणून तू बघतेस, आणि बघतेस म्हणून तो जातो. आम्हीही काही शहाणे नाही, दार उघडून बघतोच. तिघं मिळून चमच्या-चमच्याने संपवतोय. आणि फार खाली गेली की गाडी आधी फोनला उत्तर देणं बंद करते, स्वतःपुरतं राखून ठेवते. मग तू हाक मारशील आणि इकडे खट् होणार नाही. त्यानंतरही तशीच पडली तर कायमची गेली.

टँकरचा एक नियम होता. नवशिके भरलेल्या टँकरला भ्यायचे. जुने लोक रिकाम्याला भ्यायचे. भरलेल्यात पेट्रोल असतं आणि ते दिसतं. रिकाम्यात नुसती वाफ उरते, आणि ठिणगी पडली तर ती वाफ धडाका करते. आपलं घर तसं झालंय. कुणी काही बोलत नाही म्हणून शांत वाटतं.

म्हणून आता एक सांगतो, आणि सांगून झाल्यावर तू ते ऐकलंच नाहीस असं समज. तू घरातून निघताना ही तुला जे बोलली, "छातीत जळजळतंय म्हणत होता आणि तू गोळी देऊन शाळेत पाठवलंस त्याला," ते तुझ्या काळजात रुतलंय, ठाऊक आहे मला. परवा खट् झाला तेव्हा मी शेडच्या दाराशी होतो. तिला वाटलं मी घरात आहे. ती गाडीशी बोलत होती. "मलासुद्धा म्हणाला होतास रे तू. जळजळतंय आई. मी म्हटलं, गार दूध घे आणि पड." हेच ती परत परत म्हणत होती. गार दूध घे आणि पड.

बघू नकोस असं मी तुला म्हणत नाही. ते माझ्याच्याने म्हणवणार नाही. फक्त कसं काय होतं ते तुला माहीत असावं.

बाबा

४ एप्रिल

पोरी,

तुझं दुसरं पत्र चांगलं दोन पानांचं. तू लिहिलंस की उठल्या उठल्या, तोंडही न धुता, तू त्याचा फोन उघडतेस. नकाशावर एक ठिपका दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं "घरी". तेवढं वाचून मग तुझा दिवस सुरू होतो. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि माझं पत्र मिळाल्यापासून तू बघणं बंद केलंस, हेही लिहिलंस. ते मला आधीच कळलं होतं. इकडे खट् बंद झाला ना.

पहिले दोन-तीन दिवस ही वाट बघत बसली. मग चहा परत जायला लागला. मग शेडमध्ये येणंच बंद. अंथरुणाला पाठ लावून छताकडे बघत पडायची. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, म्हणाल्या, शरीराला काही नाही. मला म्हणाली, "आता येत नाही तो. रागावला असेल माझ्यावर."

आता सांग, मी काय करणार होतो? सांगितलं नाही तर ही अशी झिजणार. सांगितलं तर तिचा जो काही आधार होता तो मी माझ्या हाताने काढून घेणार. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर. काल सकाळी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसलो आणि सांगून टाकलं. फोन, ॲप, तू, पत्रं, सगळं.

ती एकदम उठून बसली.

"म्हणजे इतके दिवस ती मुलगी माझ्या घरात डोकावतेय आणि तोंड दाखवत नाही?"

मी म्हटलं, "डोकावत नाही गं. आकडा बघते."

"एकच ते. आणि तुम्ही चोरून पत्रं लिहिता. या वयात!"

"सुनेलाच लिहितो, दुसऱ्या कुणाला नाही."

"मेलं ते. काय लिहिते ती?"

मी तुझी दोन्ही पत्रं तिच्यापुढे ठेवली. चष्मा सापडेना, तर माझा लावून वाचली. "त्याने भरलंय तेच राहू द्या" इथे आल्यावर थांबली. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मग ती आता बघत का नाही?"

"संपेल म्हणून."

"आणि नाही बघितलं तर?"

"तरी संपेल. सावकाश."

नंतर भांडी घासताना मास्तर आठवला. गाडी नवी असताना मी त्याला डिवचलं होतं, "किलोला किलो लाव. माझ्या पेट्रोलात तुझ्या बॅटरीच्या कितीतरी पट दम आहे. तू चार धट्टीकट्टी माणसं मावतील एवढं ओझं घेऊन फिरतोस, आणि जातोस किती लांब?" तो म्हणाला, "दम तुमच्यात जास्त, मान्य. पण बाबा, तुमचं पेट्रोल एकदा जळलं की गेलं. टाकी हलकी होते. माझी बॅटरी भरलेली असो की उतरलेली, वजन तेच. आतून बाहेर काही जातच नाही."

मी म्हटलं, "मग भरतोस काय रोज?"

तेव्हा त्याने मला आपल्या घराचा माळा दाखवला. म्हणाला, "समजा आत बारीक बारीक कण आहेत आणि घराला एक माळा आहे. केबल लावतो तेव्हा त्या कणांना ढकलून माळ्यावर चढवतो. गाडी चालते तेव्हा ते जिन्याने खाली उतरतात, आणि उतरता उतरता चाकं फिरवतात. खाली आले तरी घरातच असतात. परत चढवायचे, परत उतरायचे. भरतो ती फक्त चढवायची मेहनत."

हे मी ओले हात घेऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याने चढवलेले ते सगळे आतच आहेत?"

"सगळे."

"कुणी बाहेर गेलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही केबल लावलीत तर दुसरे येणार नाहीत?"

"दुसरे कुठून येणार? तेच परत वर चढणार. चढवणारा हात तेवढा बदलणार."

ती पुन्हा पडली, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, "कालवणं होत नाही मग ते."

एक राहिलंच. तू लिहिलंस की पंखा तू लावला नव्हतास. ॲपमध्ये तशी कळ आहे पण तिला कधी बोट लावलं नाही, आणि ज्या दिवशीचं मी लिहिलंय त्या दिवशी तर तू फोन उघडलाच नव्हतास, तापाने पडून होतीस. मी सर्व्हिसवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, बॅटरी स्वतःची काळजी घेते कधी कधी, पंखा लागू शकतो. मी विचारलं, गारठ्यातसुद्धा? आणि आतली हवा काचेतून बाहेर येईल असा? ती म्हणाली, "असं मी पाहिलं नाही काका, पण असेल काहीतरी."

असेल. मी जास्त खणलं नाही. हिला तर सांगितलंच नाही. शेडकडे जाताना अजून चप्पल वाजवतो.

बाबा

७ एप्रिल

पोरी,

तू नको म्हणाली होतीस. तुझं ऐकलं गेलं नाही. रागावायचं असेल तर रागाव, पण माझ्यावर नको, कारण ते मी केलं नाही.

आज सकाळी जाग आली तर बाजूला ही नाही. घरभर बघितलं, शेवटी शेडमध्ये सापडली. केस विस्कटलेले, पायात काही नाही, आणि केबलचं वेटोळं उलगडून तोंड हातात घेऊन गाडीभोवती फिरत होती. मला बघून म्हणाली, "कुठल्या बाजूला असतं हो हिचं? पेट्रोलचं मागे असतं ना?"

मी टोपण दाखवलं. लावायला पुढे झालो तर हात झटकला माझा. स्वतःच लावलं. पहिल्यांदा तिरकं गेलं, दुसऱ्यांदा बसलं. खट् झाला. तोच खट्. ती दचकली नाही, पण "आला" म्हणाली नाही या वेळी. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, आणि मी मान वळवली, कारण काही गोष्टी नवऱ्यानेही बघू नयेत.

आकडा एकोणतीस होता. तेवढं तुझ्यासाठी लिहून ठेवतो. एकोणतीसपर्यंत त्याच्या हातचं होतं.

मग आम्ही दोघं दोन खुर्च्या टाकून बसलो. तीस झाले, एकतीस झाले. प्रत्येक आकड्याला माझा हात केबलकडे जात होता. मी विचारलं, "काढू का?" ती म्हणाली, "चढू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "फार सावकाश चढतंय हो. तुमचा टँकर बरा होता." तो गेल्यापासून तिने केलेला हा पहिला विनोद. मी मोठ्याने हसलो, इतका की शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून डोकावल्या.

मग तिने विचारलं, "तिला फोनवर काय काय दिसतं?"

मी सर्व्हिसवालीकडून ऐकलेलं सांगितलं. आकडा दिसतो. गाडी कुठे आहे ते दिसतं. कुलूप आहे की नाही ते दिसतं. दार उघडं राहिलं तर तसा निरोपच जातो, न विचारता.

"आपल्याला इथून तिला काही सांगता येतं?"

"नाही. ती विचारेल तेवढंच गाडी सांगते. दाराचं सोडून."

ती उठली आणि तुझ्या बाजूचं, डाव्या हाताचं पुढचं दार उघडलं. पार सताड. आणि परत येऊन खुर्चीत बसली.

मी जुन्या सवयीने ओरडलो, "अगं, आतला दिवा पेटून राहील! उतरेल ना ती!"

ती माझ्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाली, "उतरू दे. भरता येते ना आता."

बाबा